चंपा बसली तो उन्हाळा

वैशाखात आमच्या कसबा बावड्यात गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. कारखान्याचा हंगाम संपलेला असतो, उसाच्या गाड्यांनी तुंबलेला रस्ता मोकळा झालेला असतो, आणि घरोघरी जुन्या साड्या अंथरून त्यांच्यावर सांडगे, पापड, कुरडया वाळत पडतात. परवा मीही भावाच्या गच्चीवर सोऱ्या घेऊन बसले होते. पाठीला ऊन लागत होतं, गव्हाच्या चिकाचा आंबूस वास नाकात होता, आणि भिंतीपलीकडे शेजारच्या शोभाच्या परसातून आवाज आला. बारीक, घशातल्या घशात, तंद्री लागल्यासारखा. खुडुक. खुडुक. खुडुक.

माझा हात थांबला. कोंबडी उबवायला बसली की तिचा आवाज बदलतो. एरवीचा भांडखोर कलकलाट जातो आणि हा आवाज येतो. अशा कोंबडीला खुडूक म्हणतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला नव्हतं. आम्ही जैन. आमच्या घरात म्हशी होत्या, गाई होत्या, पण पिढ्यान्‌पिढ्या अंडं उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. हा शब्द मी चाळिशी ओलांडल्यावर शिकले, आणि तोही इंग्लंडात राहून.

खाली सोप्यात आक्का कॉटवर पडून होती. आक्का म्हणजे माझी आई. तिची धाकटी भावंडं तिला आक्का म्हणायची, ते ऐकून आम्हीही तेच म्हणायला लागलो आणि पुढं बदलायचं राहून गेलं. गेल्या महिन्यात तिला ताप येऊन गेला. ताप गेला, पण जाताना भूकही घेऊन गेला. मी ताट घेऊन जाते, ती भाताची दोन शितं इकडून तिकडं करते आणि म्हणते, "ठेव तिथं. खाते मागनं." तिचं हे 'मागनं' मला फार वर्षांपासून ठाऊक आहे. ते कधी येत नाही.

इंग्लंडातल्या त्या उन्हाळ्यातही तिचं असंच चाललं होतं. म्हणून तो आवाज ऐकला आणि मी सोऱ्या तसाच चिकात ठेवून गच्चीच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिले.

तेव्हा मी आणि माझा नवरा भरत इंग्लंडच्या उत्तरेला एका लहान गावात राहत होतो. मुलगा शिकायला दुसऱ्या शहरात गेलेला. घरामागं लांबट परस, त्यात एक सफरचंदाचं झाड, एक लाकडी खोपटं, आणि वर्षातले आठ महिने ओलं गवत. गावच्या वाचनालयातल्या फळ्यावर एक दिवस सूचना वाचली. अंड्यांच्या कारखान्यातल्या कोंबड्या जुन्या झाल्या की मारून टाकतात, त्याआधी कुणाला पाळायला हव्या असतील तर घेऊन जा, फुकट. मी ती सूचना तीनदा वाचली. घरी येऊन भरतला सांगितलं.

"सुजाता, आपण जैन आहोत," तो म्हणाला. जणू मी विसरले होते.

"म्हणून तर," मी म्हणाले.

लहानपणी वडिलांचं, आमच्या अप्पांचं, बोट धरून मी पांजरपोळात गेले होते, म्हाताऱ्या बैलांना पेंड घालायला. कसायाच्या दारातून जीव सोडवून आणणं हे आमच्यात पुण्याचं काम. तो जीव कोंबडीचा असला तर पुण्य कमी भरतं, असं कुठल्या महाराजांनी सांगितलेलं मला तरी आठवत नव्हतं.

पत्र्याच्या शेडमधून आम्ही तीन कोंबड्या फळांच्या खोक्यात घालून आणल्या. कोंबड्या म्हणावं अशा त्या दिसत नव्हत्या. पिसं झडलेली, मान उघडी, तुरा पांढुरका पडून एका डोळ्यावर लोंबणारा. त्यांच्यातली एक तर इतकी सोललेली होती की भरतने तिचं नाव बोडकी ठेवलं. सकाळी खोपट्याचं दार उघडलं तर तिघी आतच. उंबऱ्याशी उभ्या, आणि बाहेर यायचं असतं हेच त्यांना माहीत नाही. जन्म यंत्रात, वाढ यंत्रात, पायाखाली कायम तार. बऱ्याच वेळानं बोडकीनं एक पाय गवतावर ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. परत ठेवला. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मला कामाला जायला उशीर झाला होता, पण माझा पाय निघेना.

दोन-तीन दिवसांनी ऊन पडलं. इंग्लंडातलं ऊन, म्हणजे आपल्या चांदण्याहून थोडं बरं. मी खिडकीतून पाहिलं तर बोडकी एका कुशीवर पडलेली, एक पंख पसरलेला, पाय ताणलेला, डोळा मिटलेला. मी ओरडत बाहेर धावले. "भरत, मेली रे!" कुंपणापलीकडून आमची शेजारीण मार्गारेट हसायला लागली. सत्तरीची बाई, आयुष्यभर शाळेत शिकवलेली, एकटी राहायची. "काही मेली नाही," ती म्हणाली, "ऊन खातेय." खरंच, बोडकीनं एक डोळा उघडला, माझ्याकडं वैतागून बघितलं आणि परत मिटला. पुढच्या आठवड्यात तिनं सफरचंदाखालची माती उकरून खळगा केला, त्यात बसून अंगावर माती उडवून घेतली, लोळली, झटकून उठली. मी चहाचा कप हातात धरून बघत राहिले. हिला आई नव्हती. हिनं कधी माती पाहिली नव्हती. मग मातीत अंघोळ करायची असते हे हिला कुणी सांगितलं? मी देवळात वाढलेली बाई, पण असा अंगावर काटा मला कुठल्या गाभाऱ्यात आला नव्हता.

इकडं कोल्हापूरहून माझ्या धाकट्या भावाचा, महावीरचा, फोन येत होता. अप्पा जाऊन वर्ष होत आलं होतं. आक्कानं अप्पांच्या मागं पहिल्यांदा साखर-गूळ सोडला. चातुर्मासात आमच्याकडच्या बायका एखादी गोष्ट सोडतातच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग दूध सोडलं, तूप सोडलं. चातुर्मास संपला, सगळ्यांनी सोडलेलं परत धरलं. आक्कानं धरलं नाही. उलट दर महिन्याला काहीतरी नवं ताटातून उतरत गेलं आणि शेवटी एका वेळेला अर्धी भाकरी आणि आमटीचं पाणी एवढंच उरलं. विचारलं की एकच उत्तर, "नियम हाय माझा." नियमाशी कोण भांडणार? "ताई," महावीर फोनवर म्हणाला, "आक्का काय सांगत न्हाय, पण मला भ्या वाटतंय. ती हळूहळू निघालीया गं." मी त्याच दिवशी तिच्या व्हिसाच्या मागं लागले.

चैत्रात ती आली. बॅगेत माझ्यासाठी गुळाची ढेप, लसणाविना केलेली चटणी, भडंग. स्वतःच्या हाडांवर साडी कशीबशी राहिलेली. परसात आली, कोंबड्या बघितल्या आणि पदर तोंडाला लावला.

"काय गं ही पापं आणून ठिवलीस जैनाच्या घरात?"

मी सगळं सांगितलं. कारखाना, पिंजरा, सुरी. ती ऐकत होती आणि कोंबड्यांकडं बघत होती. तेवढ्यात भरत दाण्यांचं भांडं घेऊन आला आणि सवयीनं हाक मारून बसला, "ये गं बोडके!" आणि जागच्या जागी थिजला. कपाळ मोकळं झालेल्या सासूसमोर हा शब्द. मी जमिनीकडं बघायला लागले.

आक्का मात्र खाली वाकून त्या कोंबडीची उघडी मान निरखत होती. "पिसं येतील की हिला," ती म्हणाली. "भरतराव, चांगलं नाव ठिवा. चंपा म्हणा."

मग तिचा दिवस परसात जायला लागला. घरात जेवायला नको म्हणणारी आक्का चंपाला मात्र पालकाची पानं तोडून घालायची. तिचा एक मोठा घोटाळा झाला होता. आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही, आणि तिथं रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड. "हितला सूर्य काय नोकरीला लागलाय व्हय?" ती करवादायची. पण उजेड उतरायला लागला की तिन्ही कोंबड्या आपल्या आपण ओळीनं खोपट्यात जाऊन बसायच्या, समोर दाणे असले तरी. आक्काला याचं कोण कौतुक! "बघ, बघ. दिवस बुडला की तोंडात घास न्हाय. आपल्यातल्याच हैत की गं ह्या." दुसऱ्याच दिवशी चंपानं तिच्यासमोर एक लांबलचक गांडूळ ओढून काढलं आणि गिळलं. "अगं बाई," म्हणून आक्का घरात निघून आली आणि अर्धा तास परसाकडं पाठ करून बसली. मला हसू दाबता येईना. कितीतरी महिन्यांनी मी आईवर हसले होते.

प्रश्न अंड्यांचा होता. आक्का यायच्या आधी मी ती मार्गारेटला देऊन टाकायची. आक्कानं ते बंद केलं. "आपुन खाल्लं न्हाय म्हणून सुटलो व्हय? दिलं म्हंजे खावा म्हटलंच की." स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला बरं म्हणणं, तिन्हीला दोष सारखाच, हे आमच्याकडं दुधाबरोबर पाजतात. मग अंडी जिथं घातली तिथंच राहायला लागली. खोपट्याच्या कोपऱ्यात गवतात ढीग साठला. आणि वैशाखातल्या एका अष्टमीला चंपा त्या ढिगावर बसली ती उठेचना. जवळ गेलं की अंग फुगवायची, आणि तो आवाज काढायची. खुडुक. खुडुक.

"खुडूक झालीया," आक्का म्हणाली. शेजारपाजारच्या परसात ऐकून तिला शब्द तेवढा माहीत होता. "पिल्लं काढणार आता."

चंपाला तोवर पिसं आली होती. तांबूस, दाट, उन्हात चमकणारी. ती अंड्यांवर बसली आणि एक दिवस बघतो तर छातीखालची पिसं तिनं स्वतःच चोचीनं उपटून काढली होती. मी घाबरले, आजार वाटला. आक्का गुडघ्यांवर बसून वाकून बघत होती. "आजार न्हाय. उघडं अंग लावतीया अंड्यांना," ती म्हणाली. "ऊब लागावी म्हणून." आणि मग, "एवढं दिस वाट बघून आल्याली पिसं गं..."

चंपानं खाणं सोडलं होतं. दिवसातून एकदाच उठायची, चार दाणे, दोन घोट पाणी, की परत जागेवर. आणि आक्कानं, जिला निमित्तच हवं होतं, नवा नियम घेतला. चंपा उठून खाईल तेव्हाच आपण जेवायचं. मी आधी खूश झाले, चला, निदान रोज वेळेला बसेल तरी. पण मग पावसाळी गारठ्याचा एक दिवस आला. चंपा दिवसभर उठली नाही. आक्काही उठली नाही. खोपट्याच्या दारात शाल गुंडाळून ती बसून राहिली, मी ताट घेऊन तीनदा गेले, तीनदा परत आले. शेवटी मी ओरडले तिच्यावर. "तिला पिल्लं काढायची आहेत म्हणून ती उपाशी आहे! तू कशासाठी?" आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभी राहिले. महावीरचं बोलणं कानात वाजत होतं. ती हळूहळू निघालीया गं.

आता सगळी भिस्त पिल्लांवर. पिल्लं निघतील, चंपा उठेल, दिवसभर खाईल, मग आक्काही खाईल. असा माझा हिशेब होता, आणि भरतचाही. तो इंजिनिअर, मी विज्ञानाची पदवीधर. आम्ही दोघं रोज कामावरून आलो की आधी खोपट्यात डोकावायचो.

एका सकाळी मार्गारेट कुंपणावर कोपरं टेकून म्हणाली, "बसलीय वाटतं. आणि तुमचा कोंबडा कुठाय?"

"कोंबडा नाहीये," मी म्हणाले.

"मग पिल्लं कुठून येणार?"

भरतनं माझ्याकडं बघितलं, मी भरतकडं. आता काय सांगू? आमचं सगळं शहाणपण म्हशीच्या गोठ्यातलं. म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही. मग कोंबड्याशिवाय अंडं येईल कसं? अंडं आलं म्हणजे कधीतरी कुठंतरी कोंबडा असणार, त्या कारखान्यात असेल, आणि अंड्यात पिल्लू असणारच. हे आम्ही इतकं धरून चाललो होतो की कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. मार्गारेटला हसू आवरेना, मग आमचे चेहरे बघून तिनं ते आवरलं. त्या अंड्यांत काहीच नव्हतं. चंपा रिकाम्या कवचांवर पिसं उपटून, उपाशी बसली होती.

आक्काला मीच सांगितलं. ती खोपट्याच्या दारात पाटावर बसली होती. सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे रिकामीच बसलीया व्हय ही?"

"व्हय आक्का."

"आणि हिला ठावं न्हाय."

"न्हाय."

चंपा आपली डोळे अर्धे मिटून बसलेली. त्या दिवशी ती उठून दाणे टिपून परत गेली, पण आक्का ताटावर आली नाही. मी बोलावलंही नाही. मला वाटलं, संपलं. आपण हिला इतक्या लांब आणलं आणि हिच्या हाती रिकामी अंडी दिली.

सकाळी मी चहा करत होते तेव्हा ती मागं येऊन उभी राहिली. अंघोळ झालेली, साडी नीट नेसलेली. "त्या बाईला इचार," ती म्हणाली, "कोंबडा असल्यालं घर हाय का हितं जवळपास."

मला पटकन कळेना. "कशाला?"

"कशाला म्हंजे? जीव असल्याली अंडी आणायची. चंपा बसायला तयार हाय, आन अंडीच न्हाईत, ह्याला काय अर्थ हाय?"

मार्गारेटच्या ओळखीचा एक मळा होता. तिथल्या बाईनं सहा अंडी पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून दिली. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी न्याहारीला जाणार होती ती. आक्का खोकं घेईना. "ह्यात खुळखुळ करत्यात," म्हणाली, आणि तिनं पदर पसरला. बहात्तर वर्षं जिनं अंड्याची सावली घरात पडू दिली नव्हती, तिनं एकेक अंडं हातानं उचलून पदरात घेतलं. पहिलं तिनं उलटसुलट करून पाहिलं. मग तिनं ते गालाला लावलं आणि म्हणाली, "ऊन हाय गं." परतीच्या वाटेवर ती पोटाशी पदर धरून बसली होती आणि प्रत्येक वळणाला ओरडत होती, "भरतराव, सावकाश! घाई हाय व्हय कुठं?" भरत इतकी हळू गाडी चालवत होता की मागं रांग लागली.

दिवस कलता कलता तिनं चंपाच्या पोटाखालची जुनी अंडी काढून नवी सरकवली. चंपानं एकदा चोच मारली, आक्कानं हात मागं घेतला नाही. जुनी अंडी तिनं सफरचंदाखाली खड्डा करून पुरली. त्यात जीव नव्हता हे तिला आता माहीत होतं, तरी वर माती सारखी केली आणि क्षणभर हात जोडले.

पुढचे तीनेक आठवडे आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. आक्का रोज चंपाला उठवायची, दाणे ओंजळीत धरून समोर करायची, आणि चंपा खायला लागली की तिथंच पायरीवर बसून आपली अर्धी भाकरी खायची. कधी पाऊण. मी खिडकीतून मोजायची नाही, नुसतं बघायची. सफरचंदाचा मोहर गळून गेला, इवली हिरवी फळं धरली.

आणि एका दुपारी तिची हाक आली. "सुजा, इकडं ये. अंडं बोलतंय."

मी म्हटलं, झालं, उपासानं डोक्यावर परिणाम झाला. गेले. तिनं मला गुडघ्यांवर बसवलं, चंपाच्या पिसांत हात घालून एक अंडं अलगद काढलं आणि माझ्या कानाला लावलं. आतून आवाज आला. चिव. फार लांबून यावा तसा, पण नक्की. चिव, चिव. कवच शाबूत होतं, एक चीरसुद्धा नव्हती. आणि चंपानं उत्तर दिलं. खुडुक नव्हे, त्याहून खालच्या पट्टीतला, मी कधीही न ऐकलेला एक आवाज. आतून चिव, बाहेरून हुंकार. ज्या कोंबडीशी जन्माला येण्याआधी कुणी बोललं नव्हतं, ती कवचातल्या पिल्लाशी बोलत होती. हे तिनं कुठं ठेवलं होतं? त्या तारांच्या पिंजऱ्यात, इतके दिवस, हिच्या कुठल्या कोपऱ्यात हे सांभाळून राहिलं होतं? मी रडत होते हे मला आक्कानं गाल पुसला तेव्हा कळलं. ती णमोकार मंत्र म्हणत होती, ओठातल्या ओठात.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चार पिल्लं निघाली. आधी ओली, चिकट, बघवेना अशी, आणि तासाभरात वाळून कापूस झाली. दोन अंड्यांतून काही आलं नाही. ती आक्कानं दिवसभर थांबून मग उचलली.

पिल्लांना घेऊन चंपा गवतावर आली. आम्ही तिघं आणि कुंपणापलीकडं मार्गारेट. मी दाणे टाकले. चंपानं एक दाणा उचलला, खाल्ला नाही, पिल्लांसमोर टाकला. परत उचलला, परत टाकला आणि बोलावलं. पिल्लं धडपडत आली. कितीतरी वेळ ती असंच करत होती. दिवसचे दिवस उपाशी बसलेली कोंबडी, समोर दाण्यांचा सडा, आणि एकही दाणा तिच्या पोटात नाही.

"बघितलंस?" आक्का हळूच म्हणाली. "सोता खात न्हाय. आधी त्यांच्या म्होरं टाकतीया."

शेवटचं पिल्लू दाणा टिपायला शिकलं आणि मग चंपा खायला लागली. अशी खायला लागली की बस. आक्का तिच्याकडं टक लावून बघत होती. मग उठली, गुडघ्यांवरची माती झटकली.

"चल," म्हणाली, "मलाबी वाढ."

मी भाकरी थापली. तिनं एक खाल्ली, दुसऱ्या भाकरीकडं बघितलं. "तो गूळ आणल्याला, संपवलासा व्हय सगळा?" ढेप तशीच होती. मी खडा फोडून तिच्या ताटात ठेवला. तूपही घातलं, जरा जास्तच. तिनं गूळ भाकरीवर चुरला आणि खाल्ला. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा. भरत तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होता. मी महावीरला फोन लावला आणि मला बोलताच येईना. तो तिकडून "काय झालं, काय झालं" करत राहिला, आणि आक्कानंच माझ्या हातातून फोन घेऊन सांगितलं, "काय झालं न्हाय. जेवायलोय आमी."

चातुर्मास लागायच्या आत ती कोल्हापूरला परत आली. चार पिल्लांतले दोन कोंबडे निघाले. ते सगळ्या गल्लीला पहाटे उठवायला लागल्यावर कापायचे नाहीत असा शब्द घेऊन त्या मळ्यावर पोचवले. चंपा आणखी दोन हिवाळे जगली आणि एका दुपारी उन्हात पंख पसरून पडली, ती या वेळी खरंच उठली नाही. पुढं आम्हीही इथं परत आलो.

परवा गच्चीवरून मी वाकून बघितलं तेव्हा शोभा बादली भरत होती. खुडूक मोडायला कोंबडी पाण्यात बुडवतात. मी काही म्हणायच्या आत खालून, आमच्या सोप्याच्या खिडकीतून, महिनाभर कुणी ऐकला नव्हता असा आवाज आला.

"ए शोभा! बुडवू नगंस तिला. बसू दे." आणि मग, शहाण्या माणसाच्या थाटात, "कोंबडा हाय न्हवं तुमच्यात?"

"हाय की आक्का!" शोभा हसायला लागली. "पहाटं कोकलतोय ते ऐकू येत न्हाय व्हय?"

"मंग ठीक हाय," आक्का म्हणाली.

तेव्हापासून रोज दुपारी ती मला परसात पाठवते. "बघून ये, उठली का ती." उठलेली असली की आक्का दोन घास जास्त खाते. आज मी भिंतीवरून डोकावले. शोभाची कोंबडी पाटीत तशीच बसून होती, डोळे अर्धे मिटून. समोरचे दाणे सकाळचे तसेच. मी बराच वेळ उभी राहिले. ती काही हलली नाही.

मी आत आले. "उठली आक्का. खाल्लं तिनं."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण तिच्यापासून काही लपत नाही. "खोटं बोलतीस," ती म्हणाली. मग उशीला टेकून हळूहळू उठून बसली. "आणि तू? मी जेवल्याबिगर तू घास उचलत न्हाईस, ते मला दिसत न्हाय व्हय? महिना झाला बघतीया. तोंड बघ कसं झालंय. आण तुझं ताट. हितं बस."

मी दोन ताटं आणली. तिनं भाकरी मोडली. मोठा तुकडा आमटीत बुडवून माझ्या ताटात ठेवला, आणि मी तो तोंडात घालेपर्यंत हात आवरून बघत बसली.